ट्रेमोलो ब्रिजची गिटार: तार तुटते कुठे आणि सूर सरकतो का

ट्रेमोलोची, म्हणजे दांडा (बार) दाबून ब्रिज हलवता येणारी, गिटार सुरात राहत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो जाड तारा लावण्याचा आणि दुसरा लॉकिंग, म्हणजे तार आवळून धरणाऱ्या, खुंट्या बसवण्याचा. दोन्हींवर पैसे घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. तार तुटत असेल तर ती नेमकी कुठे तुटते? आणि सूर सरकत असेल तर बार दाबून सोडल्यावर तार चढते की उतरते? तुटण्याची जागा आणि सरकण्याची दिशा कळली की बिघाड कुठल्या भागात आहे ते कळतं. बऱ्याचदा तो भाग पॉलिश पेपर आणि पेन्सिल एवढ्यावर दुरुस्त होतो.

इथे धरलेली गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची आहे: पुढे सहा स्क्रूंवर टेकलेला ब्रिज, त्याच्याखाली धातूचा ब्लॉक, मागच्या पोकळीत स्प्रिंगा आणि नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा टेकू) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी तार. फेंडर कंपनीने ही रचना १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरवर आणली आणि आज स्वस्तातल्या सेटपासून महागड्या गिटारीपर्यंत तिच्याच आवृत्त्या दिसतात. तिला ट्रेमोलो म्हणतात ते खरं तर चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. हा बार बदलतो तो स्वर, म्हणजे व्हिब्राटो. पण दुकानात ट्रेमोलो म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही, म्हणून इथेही तेच नाव ठेवलं आहे.

पहिलीच तार का तुटते

जाड तारा लावल्या की तुटणं थांबतं, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. एकाच लांबीच्या साध्या पोलादी तारेवर एकच स्वर लावला, तर दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण तारेच्या जाडीवर अवलंबून नसतो. तार जाड झाली की ओढ वाढते, पण ती ओढ पेलणारा धातूही त्याच प्रमाणात वाढतो. ६४८ मिमीवर पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार ३२९.६ हर्ट्झच्या ईला लावली की हा ताण साधारण १.४ गिगापास्कल भरतो, मग तार ०.००९ इंची असो की ०.०११ची. दुसऱ्या तारेवर, म्हणजे बीवर, तो ०.८ च्या आसपास असतो आणि तिसऱ्या, साध्या जीवर ०.५. पहिली तार दुसरीपेक्षा जवळजवळ १.८ पट ताणलेली असते, म्हणून ती आधी जाते. जाड तारेचा फायदा एवढाच की तेवढ्याच खोलीचा ओरखडा तिला कमी जाचतो. गिटार अर्धा स्वर खाली, ई फ्लॅटला लावली तर मात्र ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो, आणि हा फरक तारांच्या आयुष्यात दिसतो.

चांगली पोलादी तार १.४ पेक्षा बराच जास्त ताण सोसते. त्यामुळे नुसती ओढली म्हणून ती तुटत नाही. ओरखडा, गंज, नाही तर एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा बाक यांपैकी काहीतरी आधी घडलेलं असतं. बार दाबला-सोडला की तार दर वेळी सॅडलच्या माथ्यावर थोडी वाकते आणि पुन्हा ताठ होते. त्याच जागी धातूची बारीक कूस असेल तर ती दर वेळी थोडं थोडं कापत जाते.

तुटलेले तुकडे फेकू नका

तारेच्या ब्रिजकडच्या टोकाला धातूची गोळी असते, त्या गोळीकडचा तुकडा परत ब्लॉकच्या भोकातून वर काढा आणि त्याचं टोक कुठे येतं ते बघा. अंदाजापेक्षा ही पद्धत चांगली.

टोक सॅडलच्या माथ्यावर आलं, तर दोष सॅडलच्या खाचेत. टोक त्याआधी, प्लेटच्या भोकाच्या कडेपाशी थांबलं, तर तार तिथे घासते आहे. गोळीजवळच्या पिळात तुटली असेल तर पीळ सैल आहे किंवा तारच तशी आली आहे. नटपाशी तुटली तर खाच अरुंद आहे, नाही तर खाचेच्या पुढच्या तोंडाला धार आहे. खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाची कड किंवा तार लावताना पडलेली मोड. मधेच, फ्रेटवर तुटली तर बहुतेक वेळा गंज, क्वचित फ्रेटमध्ये पडलेला चर.

एका ठिकाणी दोन तारा तुटल्या की तो योगायोग समजू नका. तिसरी तार लावण्याआधी ती जागा उघडा.

सॅडल

सगळ्यात जास्त तारा इथेच तुटतात, म्हणून इथे वेळ द्या.

तार काढून सॅडलच्या माथ्यावरून कान साफ करायच्या काडीचा कापूस हलक्या हाताने फिरवा, तार ज्या दिशेने बसते त्या दिशेने आणि मग आडवा. कापसाचा धागा जिथे अडकून उभा राहतो तिथे कूस आहे. बोटाला ती जाणवत नाही, भिंगाखालीही कधीकधी दिसत नाही, पण कापूस ती सोडत नाही. वाकवलेल्या पत्र्याच्या जुन्या पद्धतीच्या सॅडलला तार जिथून वर येते त्या भोकाची पुढची कडही अशीच तपासा.

कूस काढायला ६०० नंबरचा पॉलिश पेपर बारीक पट्टीसारखा कापा, खाचेतून ओवून बूट पुसतात तसा पुढे-मागे ओढा. पंधरा-वीस हात पुरे. मग १००० आणि शेवटी २००० नंबर. शेवटी जुन्या तारेच्या तुकड्याला ब्रासो लावून तीच तार खाचेत फिरवा. माथा आरशासारखा झाला पाहिजे. मग कापूस पुन्हा फिरवा. कानस वापरायचीच असेल तर गोल, बारीक आणि दोन-तीन हातांपुरती. खाच खोल करायची नाही, फक्त गुळगुळीत करायची. खोल झाली तर तार एका रेषेत टेकण्याऐवजी आडवी पडते आणि सतारीसारखी झंकारायला लागते. सतारीत ती जवारी मुद्दाम घडवलेली असते, इथे ती नको आहे. क्रोम किंवा निकेलचा थर घासून गेला तर उघडं पोलाद पावसाळ्यात गंजतं. अशा सॅडलवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात ठेवा.

सॅडलची उंची वर-खाली करायला लागणारी ॲलन की बहुतेक अमेरिकी गिटारींना ०.०५० इंची आणि इतर बऱ्याच गिटारींना १.५ मिमी लागते. चुकीची की घातली तर स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो निघत नाही. उंचीच्या स्क्रूचं टोक सॅडलच्या वर डोकावत असेल तर ते तळहाताला टोचतं.

प्लेटच्या भोकाच्या कडेवर तार घासत असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, भोकाची पुढची कड गोल कानशीने मोडून गुळगुळीत करणं. हा कायमचा. दुसरा तात्पुरता, पण चालणारा: बारीक वायरचं प्लास्टिकचं आवरण एक सेंटिमीटर कापून तार त्यातून ओवायची. ही नळी प्लेटच्या कडेवर बसली पाहिजे. ती सॅडलच्या माथ्यापर्यंत पोचली तर पहिल्या तारेचा आवाज बोथट होतो.

पिळात सुटणाऱ्या तारांसाठी पहिल्या तीन तारांच्या पिळावर सोल्डरचा एक थेंब सोडतात. पीळ मग बारच्या हालचालीने घट्ट-सैल होत नाही आणि सूरही उतरत नाही. तापलेली सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. पोलाद जास्त तापलं की मऊ पडतं आणि तार पिळाच्या टोकालाच तुटते.

चढते की उतरते

आता सूर. खुंट्यांचे गिअर धड असतील तर खुंटी आपोआप फिरत नाही, त्यामुळे खुंटीवर संशय घेण्याआधी ही चाचणी करा. गिटार नीट लावा, बार तारा लोंबकळेपर्यंत एकदा दाबा, हळूच सोडा आणि सहाही तारा ट्यूनरवर बघा. मग प्रत्येक तार बोटाने बाजूला ओढून एक स्वर चढवा, सोडा आणि पुन्हा बघा.

बार दाबल्यावर एखादीच तार चढून परतली, तर ती नटमध्ये अडकते आहे. कारण असं: बार दाबला की नट आणि सॅडलमधली तार सैल पडते, आणि नटपलीकडची, खुंटीकडची तार अजून ताठ असल्यामुळे ती थोडी तार आपल्याकडे खेचून घेते. बार सोडल्यावर ती परत यायला हवी. खाच अडवते, तार तिकडेच राहते, आणि इकडे तार कमी उरल्यामुळे ती चढते. ही तार एकदा ओढून सोडली की पुन्हा सुरात येते, आणि तीच पक्की खूण. तार ओढल्यावर उतरली, तर हेच उलट्या दिशेने घडलेलं असतं. तेव्हा नट आणि खुंटी यांच्या मधली तार बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला तर दोष नटचा. आणखी उतरला तर खुंटीवरचे वेढे सरकत आहेत किंवा तार अजून ताणून बसलेली नाही.

सगळ्या तारा एकदम चढल्या किंवा एकदम उतरल्या, तर नट निर्दोष आहे. ब्रिज आपल्या जागी परतत नाही.

खुंटी फिरवताना नटकडून टिक् असा आवाज येत असेल, तर चाचणीचीही गरज नाही.

नट

खाच तारेपेक्षा ०.०५ मिमीने रुंद असावी, याहून जास्त नको. गुंडाळलेली (वर बारीक तार वेढलेली, जाड) तार निम्मी खाचेत आणि निम्मी वर राहिली की पुरे. खाचेचा तळ खुंटीकडे थोडा उतरता हवा आणि तार फ्रेटबोर्डाकडच्या तोंडावर टेकायला हवी. तळ सपाट असेल किंवा मधेच उंचवटा असेल तर तार तिथे धरली जाते. खोली तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. वर्तमानपत्राच्या कागदाइतकी फट हवी. तार फ्रेटला टेकली तर खाच फार खोल गेली आहे. खायचा सोडा खाचेत दाबून भरायचा आणि त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब टाकायचा, म्हणजे दगडासारखं घट्ट होतं आणि खाच पुन्हा कापता येते. हा उपाय टिकतो, पण मन लावून करायचा असेल तर हाडाचा नवा नट बसवून घ्या.

नेहमीचा घोळ असा होतो: गिटार दुकानातून ९-४२ च्या (पहिली तार ०.००९, सहावी ०.०४२ इंच) तारांवर येते, मालक १०-४६ लावतो, आणि चौथी तार ०.०२४ इंचांवरून ०.०२६ वर गेलेली असते. खाच तीच. तिसरी, चौथी या तारा सगळ्यांत आधी अडकायला लागतात. गुंडाळलेल्या तारांच्या खाचांसाठी त्याच जाडीच्या जुन्या तारेचा तुकडा कानशीचं काम करतो. तिचे वेढे नटवर बारीक दातांसारखे चालतात. पाच-सहा हात मारा, तार लावून बघा, मग लागलं तर पुन्हा. साध्या तारांच्या खाचा ब्रासो लावलेल्या जुन्या तारेने नुसत्या गुळगुळीत करता येतात, रुंद करता येत नाहीत. त्यासाठी मापाच्या नट-कानशी लागतात आणि त्या घरी क्वचितच असतात. तेवढं काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.

खाच नीट झाल्यावर वंगण. मऊ पेन्सिलीचं शिसं, २बी किंवा ४बी, टोकदार करून खाचेत घासा. काळी पूड दिसली पाहिजे. पांढरा नट काळा होतो, त्याला इलाज नाही. व्हॅसलिनमध्ये शिशाची पूड मिसळून टाचणीच्या टोकाने लावली तर जास्त दिवस टिकते. पातळ तेल नको. ते लाकडात उतरतं आणि धूळ धरून ठेवतं. हेडस्टॉकवरच्या (खुंट्या बसवलेल्या टोकावरच्या) तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याखालीही हेच वंगण लावा. नट साफ असूनही पहिल्या दोन तारा अडतात तेव्हा दोष बहुधा या चिमट्याचा असतो.

खुंटीवरचे वेढे

खुंटीच्या दांड्याचा व्यास साधारण ६ मिमी, म्हणजे एका वेढ्याला १९ मिमी तार लागते. साध्या तारांना तीन वेढे हवेत, म्हणजे खुंटीच्या पुढे साडेपाच-सहा सेंटिमीटर तार सोडून कापा. गुंडाळलेल्यांना दोन-अडीच वेढे, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली बसला पाहिजे, वर चढता कामा नये. सहा-सात वेढे घातले तर बार दाबताना ते सैल पडतात आणि परतताना नेमके तसेच बसत नाहीत. लॉकिंग खुंट्यांचा उपयोग एवढाच की वेढे कमी लागतात. अडकणाऱ्या नटवर त्या काहीही करू शकत नाहीत.

तार लावल्यावर बाराव्या फ्रेटपाशी ती दोन-तीन सेंटिमीटर वर उचला, हळू ओढा, सोडा, पुन्हा लावा. चार-पाच वेळा हे केलं की तार उतरायची थांबते. पहिली तार ओढताना हात आवरता घ्या. ताणाचे आकडे वर आहेतच.

ब्रिज तरंगता ठेवायचा कसा

तरंगता म्हणजे प्लेटची मागची कड बॉडीपासून उचललेली: एका बाजूला सहा तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची. ९-४२ च्या सेटची एकूण ओढ साधारण ३८ किलो, १०-४६ ची ४७ किलोच्या आसपास. सेट बदलला की नऊ किलोंचा फरक पडतो आणि ब्रिज पुढे झुकतो. म्हणून तारांची जाडी बदलली की मागचा क्लॉ (स्प्रिंगा अडकवलेली, दोन स्क्रूंची पट्टी) पुन्हा जुळवावाच लागतो.

खुंट्या आणि क्लॉ आलटून-पालटून फिरवत बसलं तर तासभर जातो, कारण एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. त्यापेक्षा ब्रिज आधी जागेवर अडवून ठेवा. जुनी, सपाट एटीएम कार्डं घ्या, उठावदार आकड्यांची नकोत. एका कार्डाची जाडी ०.७६ मिमी, चार कार्डांची ३ मिमी. ब्रिजच्या प्लेटची मागची कड बॉडीपासून ३.२ मिमी उचललेली असावी, हे फेंडरचं जुन्या पद्धतीच्या ब्रिजसाठीचं माप आहे, आणि चार कार्डं जवळजवळ तेवढीच भरतात.

१. तारा सैल करा. बारने ब्रिज मागे ओढून प्लेट बॉडीवर सपाट बसवा आणि पुढचे सहा स्क्रू असे ठेवा की त्यांचं डोकं आणि प्लेट यांच्यात १.६ मिमी फट राहील. स्क्रू प्लेटवर आवळलेले असतील तर ब्रिज हलतो, पण परतत नाही.

२. मागचं झाकण काढा. ९-४२ किंवा १०-४६ ला तीन स्प्रिंगा पुरतात. क्लॉचे दोन्ही स्क्रू दोन-तीन फेरे जास्त आवळा. क्लॉला जोडलेली अर्थिंगची वायर ओढली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

३. चार कार्डं प्लेटच्या मागच्या कडेखाली सरकवा. स्प्रिंगा ब्रिजला कार्डांवर दाबून धरतील.

४. आता गिटार नीट सुरात लावा, तारा ताणून घ्या, पुन्हा लावा. ब्रिज हलत नसल्यामुळे एक तार चढवल्याने दुसरी उतरणार नाही.

५. क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेरा सैल करा, एकदा डावा, एकदा उजवा. दर वेळी सहावी तार वाजवून ट्यूनर बघा. कार्डं घट्ट आहेत तोवर सूर हलत नाही. कार्डं बोटाने जेमतेम सरकायला लागली की थांबा. सूर उतरायला लागला म्हणजे पाव फेरा जास्त झाला, तो परत आवळा.

६. कार्डं काढा. दोन-तीन सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) इकडे-तिकडे झालं तर खुंटीने जुळवा.

आता बार वर ओढला तर तिसरी तार साधारण दीड स्वर, दुसरी एक आणि पहिली अर्धा स्वर चढते. तारा बदलताना हीच कार्डं पुन्हा घातली की सगळ्या तारा एकदम काढल्या तरी क्लॉला हात लावावा लागत नाही.

तीन स्प्रिंगा लावूनही क्लॉ लाकडाला टेकला आणि ब्रिज पुढेच राहिला, तर चौथी स्प्रिंग घाला. क्लॉचे स्क्रू लाकडात डुगडुगत असतील तर ते आधी बघा. लाकडाची पकड सुटलेली असेल तर वर केलेलं कुठलंही जुळवणं टिकणार नाही.

सगळ्या तारा एकदम सरकत होत्या त्यांच्यासाठी: प्लेट ज्या कडांवर टेकते तिथे आणि स्प्रिंगांच्या दोन्ही टोकांना व्हॅसलिनचा ठिपका लावा. तरीही ब्रिज परतत नसेल तर बाहेरचे दोन स्क्रू काढून त्यांच्या मानेवर चर पडला आहे का ते बघा. पडला असेल तर स्क्रू बदला. दोन खांबांच्या ब्रिजमध्ये खांबांची उंची तारा ताणलेल्या असताना कधीच फिरवू नका. प्लेटची सुरीसारखी कड खांबावर घासली जाऊन बोथट होते आणि बोथट झालेली कड पुन्हा नीट करणं फार कठीण. बारच्या आट्यांमध्ये खुळखुळ असेल तर नळाची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे पुरते.

तरंगता ठेवावाच असं नाही

तरंगत्या ब्रिजची एक तार तुटली की तिच्या वाट्याची ओढ जाते, स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. स्टेजवर चालू गाण्यात हे झालं तर गाणं संपलं. शिवाय एक तार ओढली की बाकीच्या थोड्या उतरतात, दोन तारा एकत्र वाजवणाऱ्याला ते लगेच ऐकू येतं. बार फक्त दाबायलाच वापरत असाल, वर कधीच ओढत नसाल, तर क्लॉ आवळून प्लेट बॉडीवर टेकवून टाका, लागल्या तर पाच स्प्रिंगा घाला. बँडमध्ये एकच गिटार घेऊन जाणाऱ्यासाठी हीच मांडणी जास्त भरवशाची आहे. तरंगताच हवा असेल तर गिटारच्या पिशवीत लाकडाची एक पाचर ठेवा: मागच्या पोकळीत ब्लॉक आणि बॉडी यांच्या मधल्या फटीत, ब्रिज सुरातल्या जागी असताना जेमतेम बसेल एवढ्या जाडीची. ब्रिज मागे बसताना ब्लॉक पुढे झुकतो, म्हणून पाचर गिटारच्या मानेकडच्या बाजूला बसवायची.

पावसाळा आणि घाम

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि साध्या पोलादी तारा काही दिवसांत काळपट पडतात. गंजाचा ठिपका म्हणजेच ओरखडा. तार पुढे तिथेच तुटते. त्यातही सॅडलवर तळहात टेकून वाजवणाऱ्याचा घाम तिथेच साठतो. वाजवून झालं की सुती कापडाची घडी तारेखालून घालून पहिल्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत पुसा, सॅडलचा माथाही पुसा. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मधूनमधून बदला. आवरण असलेल्या तारा महाग पडतात, पण या चार महिन्यांत त्या पैसे वसूल करतात. वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेली गिटार वीसेक मिनिटं तशीच राहू द्या आणि मगच लावा. स्टेजच्या दिव्यांखाली तारा तापून उतरतात, तेव्हा क्लॉला हात लावायचा नाही, फक्त खुंटी.

फ्लॉइड रोजवाल्यांसाठी थोडं

फ्लॉइड रोज हा तार आवळून धरणारा ट्रेमोलो ब्रिज. तिथे तार दोन्ही टोकांना चिमटीत धरलेली असते, त्यामुळे नटचा आणि वेढ्यांचा प्रश्नच मिटतो. गोळी पीळ संपतो त्याच्या पुढे कापायची, म्हणजे चिमटीत पीळ येणार नाही. सॅडलचा आणि नटचा स्क्रू ३ मिमीच्या ॲलन कीने आवळायचा, बोटांच्या जोराने. पूर्ण हाताचा जोर लावला तर आतला चौकोनी ठोकळा फुटतो आणि तार तिथेच कापली जाते. ब्रिजवरचे बारीक सुराचे स्क्रू तंबोऱ्याच्या मण्यांसारखे आहेत, त्यांची धाव थोडीच. म्हणून नट आवळण्याआधी ते मधोमध ठेवा. नट आवळल्यावर तारा चढत असतील तर हेडस्टॉकवरची आडवी पट्टी आणखी खाली घ्या, म्हणजे तारा नटच्या तळाला आधीच टेकलेल्या असतील.

शेवटची तपासणी

सगळं झालं की कागदावर सहा रकाने आखा. बार दहा वेळा पूर्ण दाबा आणि सोडा, प्रत्येक तारेचा सेंटमधला फरक लिहा. पुन्हा लावा, प्रत्येक तार दहा वेळा एक स्वर ओढा, पुन्हा लिहा. तीन-चार सेंटपर्यंतचा फरक बँडमध्ये कानाला लागत नाही, तो सोडून द्या. पाच तारा जागेवर आणि चौथी एकटी बार दाबल्यावर आठ-दहा सेंट चढलेली दिसली, तर क्लॉ आणि स्प्रिंगांना हात न लावता चौथीची नटमधली खाच पुन्हा उघडा.